वरच्या सभेचे मास्तर

आमचे हेडमास्तर वऱ्हाडचा नकाशा काढत तेव्हा त्यात अमरावती नसे. अकोला नसे, खामगावही नसे. मांजरपाटाच्या मोठ्या तुकड्यावर काजळीच्या शाईनं त्यांनी तो काढला होता आणि शाळेच्या भिंतीवर खुंट्यांना ताणून बांधला होता. त्यात नद्या होत्या, सातपुड्याचे घाट होते आणि दहा-दहा, पंधरा-पंधरा घरांची गावं टपोऱ्या अक्षरांत मांडलेली होती. एकदा शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यानं नकाशावर छडी फिरवत विचारलं, "यात अमरावती कुठे आहे?"

"तुमी उभे आहा थे अमरावती," मास्तर शांतपणे म्हणाले. "तिले नकाशाची काय गरज, सायेब? जे दिसत नाई थेच काडा लागते."

अधिकाऱ्यानं शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

त्या शाळेत दुसरा मास्तर म्हणून मी साताऱ्याकडून आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. वऱ्हाडी बोली माझ्या कानांना भांडणासारखी वाटे. पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "काहून आले?" मला वाटलं, हे मला परत पाठवताहेत. मी घाबरून नेमणुकीचा कागद पुढं केला. तो त्यांनी पाहिलासुद्धा नाही. म्हणाले, "कागद नाई ईचारला. एवढ्या दूर काहून आले, जेवले का नाई, थे सांगा." आणि मला तडक घरी घेऊन गेले. त्या दिवसापासून दोन वर्षं माझं दुपारचं जेवण त्यांच्याच घरी झालं.

उंच, काटकुळा माणूस. पागोटं डाव्या कानावर उतरलेलं. चालताना जरा लंगडत, पण पायात काही दोष नव्हता. अंजनगावच्या चांभाराकडून एक जोड आणि अमरावतीच्या चांभाराकडून एक जोड घ्यायचा, आणि उजव्या पायात एकाची, डाव्यात दुसऱ्याची वहाण घालायची, असा त्यांचा रिवाज होता. दोन्ही तळ सारखे कसे असणार? त्यांच्या पत्नीनं, बाईंनी, एकदा माझ्यादेखत विचारलं, "लंगडून राहिले तुमी, थे कोनाच्या भल्यासाठी?" मास्तर म्हणाले, "दोघायचाबी धंदा चालला पाह्यजे." बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भावजी, आमच्या घरात दोन मानसं अन् दोन सभा. वरची सभा थे, खालची मी. काम सगळं खालच्या सभेत होते."

या सभांचं मूळ सांगायला हवं.

दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत घरातल्या घरात लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून त्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली होती. दिवाळी झाली की बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रीघ लागे. शाळेसमोरून सकाळी सुरू झालेली रांग दुपारच्या सुटीपर्यंत तुटत नसे. कापसाचे पुंजके हवेत तरंगत; मुलांच्या केसांत, आमच्या दौतीत, जेवताना वरणात. टाक बुडवावा तर टोकाला बारीकशी दाढी येई आणि अक्षर फुटे.

आठवड्यातून दोनदा मुंबईची इंग्रजी वर्तमानपत्रं येत. सगळ्या पेठेत ती वाचून अर्थ सांगू शकेल असा माणूस म्हणजे आमचे मास्तर. दुपारी एका मोठ्या अडत्याच्या ओट्यावर ते बसत आणि भोवती व्यापारी जमत. त्या अडत्याला सगळे शेठजी म्हणत. शरीरानं आडवा, मनानं मोकळा माणूस. त्याला एकच गोष्ट हवी असे.

"मास्तर, लढाई चालू आहे ना?"

"चालू आहे."

"बस. देवाची कृपा."

"कृपा काहून म्हनता? मानसं मरून राहिले तथी."

शेठजी कानाला हात लावी. पण पुढच्या वेळी प्रश्न तोच. आणि मास्तर त्या बातम्यांत भलतंच काही शोधत. एका दिवशी त्यांना ते सापडलं. कुठल्याशा लेखात त्या देशाचा राज्यकारभार समजावून सांगितला होता. मास्तरांनी तो मजकूर तीनदा वाचला, वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि पागोटं काढून मांडीवर घेतलं. ते फार आनंदले की असं करत.

"ऐका," ते म्हणाले. "त्यायच्या दोन सभा आहेत. खालच्या सभेत मानसं मोजतात. ज्या मुलखात लोक जास्त, त्याच्या जागा जास्त. ठीक आहे. पन वरच्या सभेत मुंडके मोजत नाई. तथी मुलूख मोजतात. मोठा मुलूख असो का हाताएवढा, दोघालेबी दोनच जागा. हाताएवढ्या मुलखाले हो म्हनवल्याबिगर मोठ्याले कायदा करता येत नाई."

"आणि लढाई?" शेठजीनं विचारलं.

मास्तरांचा चेहरा उतरला. "लढाई यानंच झाली का, थे मले समजत नाई. तिकडचे काही मुलूख सभेतून उठून गेले अन् लढाले लागले. त्यायच्या जागा रिकाम्या आहेत म्हने." मग त्यांनी मलाच विचारलं, "त्या जागा तशाच ठेवल्या असतीन का हो? का उचलल्या असतीन?"

मला काय माहीत असणार? पण पुढं कितीतरी दिवस त्या रिकाम्या जागा त्यांच्या मनात होत्या. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणत, "उचलू नये. माघारी आले त बसतीन कोठी?"

त्यानंतर 'मुंडके मोजाचं काम खालच्या सभेत' हे त्यांचं पालुपद झालं. वर्गात एका गावची वीस मुलं असोत की दोन, फळा पुसायची पाळी गाववार येई, त्यामुळं त्या दोघांनाच दर चार दिवसांनी फळा पुसावा लागे. त्यांनी तक्रार केली तर मास्तर म्हणत, "मान आहे बाबू थो, काम नाई." गावात त्यांचं नाव पडलं, वरच्या सभेचे मास्तर. लोक हसून म्हणत, आणि मास्तरांना ते आवडे.

हसण्याच्या पलीकडचं मला एकदाच कळलं. एका रविवारी आम्ही बडनेऱ्याच्या वाटेनं फिरायला गेलो होतो. मी सहज विचारलं, की मास्तर, तुमचं गाव कोणतं? ते दुसऱ्यांना हा प्रश्न येता-जाता विचारत. स्वतःच्या गावाबद्दल मात्र बोलत नसत.

"अंजनगावच्या वर, पहाडाच्या पायथ्याले," ते म्हणाले. "आमच्या गावचा बाजार शनवारचा. पहाडातले लोक डिंक, मोहाची फुलं, मध घेऊन उतरत. माहा बाप त्या बाजारात बसून लोकायचे कागद लिवून देये. एका साली पाच गावच्या बड्या लोकायची बैठक झाली, अन् बाजार दुसऱ्या गावी न्याचं ठरलं. त्या गावाले घरं जास्त होते. आमाले कोनी ईचारलं नाई."

"मग?"

"मंग काय? शनवार आला. बाप सवयीनं दौत-टाक घेऊन जाऊन बसला. कोनीच आलं नाई. चार शनवार बसला थो. मी लहान होतो, त्याले जेवाले बलावाले जावो. माय म्हने, बैठकीत नाई म्हनले असते तुमी. बाप म्हने, नाई म्हनाले बसाची जागा त पाह्यजे."

एवढं बोलून ते पुढं चालू लागले. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा सरळ चालताना पाहिलं. त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या होत्या.

आता आमच्या शाळेत भरली ती सभा.

कापसाच्या बंड्या वाढल्या तसा पाण्याचा प्रश्न आला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणाचा पट्टा आहे. तिथं विहीर खणली तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. अशा मुलखात बंड्यांनी मुक्काम कुठं करायचा, बैलांना पाणी कुठं पाजायचं, हे जिल्ह्याच्या साहेबांना ठरवायचं होतं. त्यांनी इंग्रजीत मजकूर दिला आणि आमच्या मास्तरांना सांगितलं, याचं मराठी करून पत्रं पाठवा. प्रमुख ठिकाणच्या दोन-दोन इसमांनी अमुक दिवशी येऊन आपलं म्हणणं मांडावं, असा तो मजकूर होता.

मास्तरांनी तोंडानं सांगायचं आणि मी लिहायचं, असं ठरलं. ते म्हणाले, "लिवा. प्रत्येक ठिकाणच्या दोन इसमांनी."

मी टाक थांबवला. इंग्रजी मला थोडं येई. "मास्तर, इथं 'प्रमुख' आहे."

"हो."

"तुम्ही 'प्रत्येक' म्हणालात."

"हो."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खिडकीतून बाहेर चाललेल्या बंड्यांकडं पाहत होते.

"प्रमुख कोन, थे ठरवनारे आपन कोन, भाऊ?" ते म्हणाले. "अमरावतीची बंडी अमरावतीत पानी पीत नाई. वाटंवर पीते. लिवा तुमी."

मी लिहिलं. दौतीत पुंजका पडला होता तो काढला, आणि पुढची सगळी पत्रं त्याच शब्दानं लिहिली. मला तेव्हा गंमतच वाटत होती.

सभा शाळेतच भरली. मास्तरांनी पहाटेपासून सतरंज्या, घोंगड्या, गोणपाट, मिळेल ते आणून सारख्या मापानं घडी घालून मांडलं होतं. दर ठिकाणाला दोन बैठका, समोर खडूनं ठिकाणाचं नाव. शेठजी आला आणि एका बैठकीत मावेना. "मास्तर, माझ्याच दोन जागा धरा," तो म्हणाला. "दोन सोबत्याले कोठी बसवू मंग?" मास्तरांनी विचारलं, आणि शेठजी कसाबसा अंग चोरून बसला.

मोठी ठिकाणं सगळी आली. लहानांपैकी थोडीच आली. बहुतेकांना पत्राचा अर्थच लागला नसावा, किंवा विश्वास बसला नसावा. कितीतरी बैठका रिकाम्या होत्या. मास्तर त्यांच्याकडं पुन्हा पुन्हा बघत होते. साहेब येऊन खुर्चीवर बसले, एवढी माणसं आणि एवढी नावं पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी कागद उघडला. काम सुरू झालं.

तेवढ्यात दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. एक साठीच्या पाटलीणबाई, नऊवारीचा पदर कपाळापर्यंत, पाय धुळीनं पांढरे. नवरा वारल्यावर गावची पाटीलकी त्याच चालवत होत्या. त्यांच्या मागं चार हात अंतर ठेवून त्यांच्या गावचा महार, काठी आणि घोंगडी घेऊन. खारपाणातलं गाव. अमरावतीला पोचायला त्यांना दोन दिवस चालावं लागलं होतं.

"पत्रात दोन मानसं लिवले होते," पाटलीणबाई म्हणाल्या. "दोन आलो."

मास्तर पुढं झाले आणि त्यांनी दोन बैठका दाखवल्या. बाई आत येऊन एकीवर बसल्या. तो वहाणांपाशीच उभा राहिला.

"या," मास्तर म्हणाले.

तो हलला नाही. सभेत कुजबुज सुरू झाली. शेठजी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, तिथूनच बोलू द्या त्याला. ऐकू येतं आम्हाला."

मी मास्तरांच्या शेजारीच उभा होतो. ते शूर माणूस नव्हते; साहेबाशी बोलताना त्यांना घाम फुटे. पण ते म्हणाले, "शेठजी, जागा मानसाची नाई. जागा गावाची आहे. गाव उभं राहीन अन् आपन बसू, असं कसं होईन?"

दोन म्हातारे व्यापारी आणि एक भटजी उठून गेले. शेठजी उठायला लागला, मग बहुधा त्याच्या लक्षात आलं की आपण गेलो तर निकाल आपल्याविना लागेल. तो पुन्हा बसला. सगळ्यांच्या नजरा पाटलीणबाईंवर गेल्या. त्यांनी आपली बैठक ओढून हातभर बाजूला घेतली. मग मागं न पाहता म्हणाल्या, "बस रे. दोन दिवस चालला, आता काय उभाच राहतं?"

तो घोंगडी अंथरून त्या बैठकीच्या अगदी कडेवर बसला.

साहेबांनी मास्तरांकरवी विचारलं, की तुमच्या गावची तक्रार काय? पाटलीणबाई म्हणाल्या, "आमच्या चार गावात गोड पान्याची इहीर एकच. बंड्या तथीच सुटतात. पुढचं यालेच ईचारा. गावानं ठरवलं, पान्याचं ज्याले मालूम थोच जाईन."

तो आधी जमिनीकडं पाहून बोलू लागला. मास्तर एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते.

"सायेब, मी त्या इहिरीचं पानी हातानं कदी काडलं नाई. आमाले वरून वाढतात. कोनी बाई आली, तिच्या मनात आलं, त माह्या गाडग्यात ओतते. तवरोक बसून राहा लागते. बसल्या बसल्या मी दोर पाहातो. दिवाळीले सात हात दोर जाते. होळीले चौदा. बंड्या उतरल्या का तीन दिवसांत ईस हात. मंग दोर पुरत नाई. बाया दोराले दोर बांधतात, अन् मले वाढाले कोनापाशी उरत नाई."

शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगताना मास्तर अडखळले. त्यांनी ते दोनदा सांगितलं.

मग पाटलीणबाईच म्हणाल्या, "दोर आमचा आहे, सायेब. पन मोजला त्यानं. आमी कदी मोजला नोता." आणि त्यांनी पदर आणखी पुढं ओढला.

साहेबांनी बराच वेळ टिपून घेतलं. त्या दिवशी ठरलं ते असं, की होळीपासून पाऊस पडेपर्यंत त्या गावात बंड्या सोडायच्या नाहीत. मुक्काम नदीकाठी हलवायचा आणि तिथं बैलांसाठी वाळूत झिरे खोदायचे. शेठजीसुद्धा 'ठीक आहे' म्हणाला.

त्या दुपारी मास्तरांनी पागोटं काढून मांडीवर घेतलं नाही. रिकाम्या घोंगड्या गोळा करता करता ते एवढंच म्हणाले, "पत्रं अजून सोप्या भाषेत लिवाले पाह्यजे होते."

आठ दिवसांनी बोलावणं आलं. उठून गेलेल्यांनी वर तक्रार केली होती. साहेबांसमोर आमचं एक पत्र होतं आणि शेजारी इंग्रजी मजकूर. एका शब्दावर लाल रेघ होती.

"हा शब्द कोणी बदलला?"

"मी," मास्तर म्हणाले. "अक्षर या मास्तरायचं आहे. शब्द माहा आहे."

साहेब माझ्याकडं वळले. "तुला दोन शब्दांतला फरक माहीत होता?"

साताऱ्याला आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. पण खरं सांगतो, त्या क्षणी त्यांच्यातलं कुणीही मला आठवलं नाही. मला फक्त भीती वाटली.

"नाही," मी म्हणालो.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलंदेखील नाही. महिन्याच्या आत त्यांची बदली झाली, अकोल्याच्या शाळेत, तिसरे मास्तर म्हणून. हेडमास्तरचा थेट तिसरा मास्तर.

ते निघाले त्या सकाळी शेठजीनं आपली बंडी पाठवली, सामान न्यायला. स्वतःही आला. मास्तर म्हणाले, "शेठजी, या बंडीचा मुक्काम कोठी करू?" शेठजी हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बाईंनी मला हाक मारली, "भावजी, अकोल्याले येजा." मी हो म्हटलं. मास्तर सामान बांधत होते. मी दोराचं टोक धरून दिलं. एवढंच आमचं बोलणं.

मी गेलो नाही. अकोला लांब नव्हतं, पुढं रेल्वे आली तेव्हा तर मुळीच नाही. पण त्या घरी जेवायला बसायचं कोणत्या तोंडानं?

अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव उतरला, शेठजीचा जोर ओसरला, वर्तमानपत्रं कुणी उघडेना. मास्तरांची जागा मला मिळेल असं सगळे म्हणत होते. मी ती मागितली नाही. शाळा सोडून कचेरीत लिहिणावळीचं काम धरलं, आणि फिरत फिरत त्याच कामावर अकोल्याला येऊन पडलो. मास्तर त्याच गावात होते. मी महिनाभर त्यांच्या शाळेची गल्ली टाळून कचेरीत गेलो.

मग अकोल्याला एक सभा निघाली. नव्या रेल्वे ठेशनाला उत्तरेकडून बंड्यांचा रस्ता करायचा होता. साहेब नवे होते. पत्रं मीच लिहिली. 'प्रमुख ठिकाणच्या' असं लिहिलं, एकही चूक न करता.

सभेच्या दिवशी मी दारालगत हजेरीचा कागद घेऊन बसलो होतो. आत व्यापारी, जमीनदार, वकील. बाहेर चपराशाचा आवाज चढला म्हणून मान वर केली. दोन माणसं उभी होती. एकाला मी ओळखलं, दोर मोजणारा तो. केस पांढरे झाले होते, काठी तीच की दुसरी कोण जाणे. पाटलीणबाई थकल्या होत्या, म्हणून त्यांचा दीर आला होता.

"कोणी बोलावलं तुम्हाला?" चपराशी विचारत होता.

"बलावलं कोनी नाई," तो म्हणाला. "रस्ता आमच्यातून जाऊन राहिला असं ऐकलं, म्हून आलो."

चपराशानं माझ्याकडं पाहिलं. मी नकाराची मान हलवली असती तर ते परत गेले असते. त्यांची काही तक्रारही नव्हती. दाराबाहेर उभं राहायला ते तयारच होते.

मी उठलो. मुख्य कारकुनाच्या, शिरस्तेदारांच्या, मागच्या कोनाड्यात एक जादा सतरंजी होती, ती आणली आणि भिंतीशी अंथरली. दोघांना आत घेतलं. शिरस्तेदार डोळे वटारत होते. मी हजेरीच्या कागदाकडं वळलो. अमरावतीच्या सभेच्या हजेरीत मी काय लिहिलं होतं ते तेव्हा मला लख्ख आठवलं: 'पाटलीणबाई व सोबत एक महार.' नाव विचारलंच नव्हतं.

"नाव सांगा," मी म्हणालो.

"सोम्या म्हनतात."

"वडिलांचं?"

त्यानं जरा नवलानं माझ्याकडं पाहिलं. "गोंद्या. पन थे मेले."

मी ते मानानं, मध्ये मुलगा या अर्थाचा 'वल्द' घालून लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, आणि कागद शिरस्तेदारांपुढं ठेवला.

रस्ता मोठ्यांना हवा होता तिथूनच गेला. पण त्याला बोलायला मिळालं, आणि त्याचं बोलणं कागदावर आलं. वाटेत दोन ठिकाणी बैलांसाठी हौद बांधावेत असं शेवटी लिहिलं गेलं. त्यातला एक पुढं बांधलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या गल्लीत वळलो. सर्वांत खालचा वर्ग, पडवीत भरलेला. मास्तर वाळले होते. पागोटं मात्र तसंच डाव्या कानावर. मला पाहून त्यांनी नुसतं पुढ्यातल्या पोत्याकडं बोट दाखवलं. मी बसलो आणि म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "दोघंबी गेलो असतो त त्या पोरायले शिकवलं कोन असतं?"

मी कालच्या सभेचं सांगितलं. ते ऐकत होते. कोण आलं होतं, काय म्हणाले, बसायला काय दिलं, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "नाव काय त्याचं? तवा आपन ईचारलंच नाई."

म्हणजे त्यांनाही ते लागून राहिलं होतं.

मी एका मुलाची पाटी घेतली आणि कागदावर लिहिलं होतं तसंच लिहून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेली, दूर धरली, पुन्हा जवळ नेली. मग उभे राहिले.

"शुद्धलेखन," मास्तर वर्गाला म्हणाले. "पाट्या घ्या. एक एक अक्षर नीट काडा. सोमाजी वल्द गोंदाजी."

पडवीभर पेन्सिली कुरकुरू लागल्या.